वाळूमाशीच्या कामगंधावर काम करायचंय?

कपाशीतले कामगंध सापळे बहुतेकांनी पाहिलेत. ल्यूरला, म्हणजे सापळ्यातल्या आमिषाला, मादीचा कामगंध (जोडीदाराला बोलावणारा गंध) असतो आणि बोंडअळीचे नर पतंग त्यावर येतात. रोगवाहक कीटकांकडे वळणारी मुलं हेच चित्र डोक्यात घेऊन येतात आणि तिथेच अडतात. डास असो वा वाळूमाशी, चावते ती फक्त मादी, त्यामुळे नुसते नर पकडून फारसं काही साधत नाही. विषय निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: गंध सोडतं कोण आणि त्यावर येतं कोण?

मी जिच्यावर काम करते ती दक्षिण अमेरिकेतली वाळूमाशी लुट्झोमाया लाँजिपाल्पिस इथेच वेगळी ठरते. ही माशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, ब्राझीलमध्ये काळा आजार (लेशमॅनिया या परजीवीमुळे होणारा जीवघेणा रोग) पसरवणारी. तिचे नर अंधार पडला की कोंबड्यांच्या खुराड्यांत जमतात, पाठीकडच्या ग्रंथींतून गंध सोडतात आणि माद्या तिकडे खेचल्या जातात. जोडीदार आणि रक्त दोन्ही एकाच जागी! ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात खुराड्यांत कृत्रिम कामगंध लावून शेजारी कीटकनाशक फवारलं, तेव्हा कुत्र्यांमधला संसर्ग जवळपास निम्म्याने घटला. तिथे रोगाचा साठा कुत्र्यांत असतो, म्हणून हा आकडा मला फार मोलाचा वाटतो.

आता प्रयोगशाळेबद्दल. नर हेक्सेन या द्रावकात बुडवून अर्क काढायचा आणि जीसी-एमएसवर (मिश्रणातली रसायनं वेगळी करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) टाकायचा, हे आठवड्याभरात जमतं. कस पुढे लागतो. पडद्यावर २१८ वस्तुमानाचं शिखर दिसलं की नवखा माणूस ‘९-मिथाइलजर्मॅक्रीन-बी’ हे या माशीच्या एका कामगंधाचं नाव लिहून मोकळा होतो. पण दुसऱ्या ठिकाणच्या नरांचा कामगंध, ३-मिथाइल-अल्फा-हिमाकॅलीन, तोही २१८चाच! त्या रसायनाचा शुद्ध प्रमाण नमुना शेजारी चालवून, शिखर किती मिनिटांनी येतं ते जुळवल्याशिवाय नाव लिहू नका. ब्राझीलच्या एकट्या सोब्राल शहरात पाठीवर ठिपक्यांची एक जोडी आणि दोन जोड्या असलेले नर सापडतात, आणि त्यांचे गंध वेगवेगळे. म्हणून अर्क काढण्याआधी नर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वेगळे करा.

माश्या पाळणं हे खरं कष्टाचं काम. तळाशी प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलेल्या भांड्यांत अळ्या वाढतात, सशाच्या कुजवलेल्या लेंड्यांचं खाद्य खातात. ओल जास्त झाली की बुरशी, कमी झाली की अळ्या सुकतात. रोज बघावंच लागतं. गंधाच्या चाचणीच्या दिवशी अत्तर, डिओ काही लावू नका.

प्राणिशास्त्रवाल्यांनी सेंद्रिय रसायनशास्त्र पक्कं करावं, रसायनवाल्यांनी माशी हाताळायला शिकावं. पुदुच्चेरीच्या व्हीसीआरसीत (रोगवाहक कीटक नियंत्रण संशोधन केंद्रात) सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्रात एमएस्सी करता येते, पाटण्याच्या आरएमआरआयमध्ये (राजेंद्र स्मारक वैद्यकीय संशोधन संस्थेत) काळ्या आजारावर काम चालतं. मात्र ब्राझीलची रीत जशीच्या तशी इथे आणू नका. आपल्याकडची वाहक वाळूमाशी फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस, तिचा वावर गोठ्यांत, आणि इथे संसर्ग कुत्र्यांकडून नव्हे, माणसाकडून माणसाला होतो. प्रस्ताव लिहायला घ्याल तेव्हा सुरुवात गोठ्यापासून करा.