सीआय बिल्ड डिपेंडन्सीवर अडकतंय? या चुका टाळा

लोकलवर, म्हणजे स्वतःच्या मशीनवर, सगळं व्यवस्थित चालतं आणि सीआयवर (कोड आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या यंत्रणेवर) डिपेंडन्सी, म्हणजे कोडला लागणारी बाहेरची पॅकेजेस, इन्स्टॉल करायच्या पायरीलाच बिल्ड लाल होतं. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी री-रनकडे जातो. पॅकेजेस जिथून उतरतात ती रजिस्ट्री क्षणभर गडगडली असेल तर तेवढ्यानं भागतं. एरवी ते दुखणं अंगावर काढणं झालं. होस्टेड रनर, म्हणजे बिल्ड चालवणारं सीआय सेवेचं मशीन, साधारणपणे दर वेळी कोरा मिळतो, तुमच्या मशीनवर साचलेलं त्याच्याकडे काहीच नसतं. म्हणून त्याची तक्रार गांभीर्यानं घ्या आणि लॉगमधली शेवटची नव्हे, पहिली एरर वाचा.

सर्वांत महागात पडते ती लॉकफाइलबद्दलची, म्हणजे प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन नोंदवणाऱ्या फाइलबद्दलची, बेफिकिरी. जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टमध्ये कोणीतरी पॅकेज डॉट जेसन या पॅकेजेसच्या यादीत हातानं व्हर्जन बदलतं आणि लॉकफाइल कमिट करायची राहते. मग एनपीएम या पॅकेज मॅनेजरची 'एनपीएम सीआय' ही कमांड दोन्ही फाइल जुळत नाहीत म्हणून थांबते, आणि ते बरोबरच आहे. पण घाईत कमांड बदलून 'एनपीएम इन्स्टॉल' केली जाते. ती रनरवरची लॉकफाइल परस्पर बदलते आणि बिल्ड हिरवं दाखवते. टेस्ट झाल्या एका संचावर, रेपोत आहे दुसराच! त्याऐवजी सीआयवर जे नोड आणि एनपीएमचं व्हर्जन आहे तेच लोकलवर घ्या, तिथे इन्स्टॉल चालवा आणि लॉकफाइल कमिट करा. व्हर्जन जुळवायचं कारण असं की एनपीएम 6 आणि 7 ही फाइल वेगळ्या स्वरूपात लिहितात. पीएचपीच्या कंपोजरलाही हाच नियम: सीआयवर 'इन्स्टॉल', 'अपडेट' कधीच नाही.

एनपीएमची 'ईरिझॉल्व्ह' ही व्हर्जन न जुळल्याची एरर दिसली की 'लेगसी-पिअर-डेप्स' हा फ्लॅग लावून मोकळं होणं ही दुसरी चूक. एनपीएम 7 पासून पिअर डिपेंडन्सी (एखाद्या पॅकेजला सोबत हवी असलेली दुसरी पॅकेजेस) आपोआप इन्स्टॉल होतात, त्यामुळे आधी नुसत्या वॉर्निंगवर निभावणारी भांडणं आता बिल्ड थांबवतात. 'फाउंड' या ओळीत रिअ‍ॅक्ट 18 दिसेल आणि खाली एखादं जुनं प्लगिन रिअ‍ॅक्ट 17 मागत असेल. खरा तिढा त्या प्लगिनचा आहे; त्याचं नवं व्हर्जन बघा किंवा पर्याय शोधा. फ्लॅग लावल्यानं बिल्ड पुढे जाईल, पण जे इथे फुटलं नाही ते रनटाइमला फुटू शकतं.

खासगी पॅकेजला 404 ('सापडलं नाही') आलं की पॅकेज डिलीट झालं असं समजू नका. एनपीएम रजिस्ट्री परवानगी नसलेल्यालाही 404 च देते, तेव्हा आधी टोकन (रजिस्ट्रीत शिरायची गुप्त किल्ली) तपासा. फोर्कवरून (रेपोच्या दुसऱ्या कोणाच्या प्रतीवरून) आलेल्या पुल रिक्वेस्टला गिटहब अ‍ॅक्शन्स ही सीआय सेवा सीक्रेट्स, म्हणजे असे टोकन, देत नाही, हे तर हमखास विसरलं जातं.

पायथनमध्ये अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनर इमेजवर पिप (पायथनचा पॅकेज मॅनेजर) अचानक जीसीसी हा कंपायलर मागू लागलं, तर त्या पॅकेजचं तयार व्हील (आधीच कंपाइल केलेली फाइल) मसलसाठी, म्हणजे अल्पाइनच्या सी लायब्ररीसाठी, नसावं. डेबियनच्या स्लिम इमेजवर गेलात तर बहुधा प्रश्न सुटतो. कंपायलर घालत बसण्यापेक्षा मला तरी हेच बरं वाटतं.

मॅकवर बनवलेली जेमफाइल डॉट लॉक (रूबीची लॉकफाइल) लिनक्स रनरवर प्लॅटफॉर्मची तक्रार करते, तेव्हा 'बंडल लॉक' चालवून त्यात लिनक्सचा प्लॅटफॉर्म जोडा. एक्झिट कोड 137 आला तर प्रोसेस जबरदस्तीनं मारली गेली, बहुतेकदा मेमरी संपल्यामुळे. डिपेंडन्सी उलटसुलट करू नका.

आणि कॅश, म्हणजे पुढच्या बिल्डसाठी साठवून ठेवलेली पॅकेजेस. तिच्या कीमध्ये (ओळखीच्या नावात) लॉकफाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला कोड), ऑपरेटिंग सिस्टिम आणि भाषेचं व्हर्जन तिन्ही असू द्या. शंका आलीच तर कॅश बंद करून एकदा चालवा: तेव्हा बिल्ड पास झालं, तर कॅशच तपासायला घ्या.