लहान मुलांना घेऊन कमी खर्चात फिरायचं कसं

सगळ्यात आधी तारखा. मुलं अजून शाळेत जात नसतील तर हुकमाचं पान तुमच्याच हातात आहे. बाकीच्यांना सुट्ट्या लागल्यावरच निघावं लागतं आणि नेमकं तेव्हाच तिकीट, रूम सगळं महागतं, तुम्ही मात्र गर्दी ओसरल्यावर आरामात मंगळवार-बुधवारी निघू शकता. फक्त ऑफ सीझनला तिथलं हवामान कसं असतं ते बघून घ्या, चार दिवस रूममध्येच बसायची वेळ आली तर वाचलेल्या पैशांचं काय करणार.

विमानाने जाणार असाल तर बहुतेक एअरलाईन २ वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घेऊ देतात, भाडंही बरंच कमी लागतं. पण वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात, म्हणजे ट्रिपमध्येच दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीला सीट घ्यावी लागते, हे बुकिंग करतानाच बघा.

आता माझं ठाम मत: एकच जागा धरा आणि तिथेच राहा. आम्ही पहिल्या ट्रिपला ५ दिवसांत ३ गावं केली होती, रोज बॅगा भरा, गाडी करा, पोरगं रडतंय, आपण एकमेकांवर चिडतोय, आणि एवढं करून त्याला आवडलं काय तर हॉटेलची लिफ्ट! चार वर्षांच्या मुलाला किती स्पॉट झाले याच्याशी काही देणंघेणं नसतं, तो हट्ट आपला असतो आणि पैसेही तिथेच जातात.

रूम बघताना नुसतं भाडं बघू नका. गावाबाहेरची रूम स्वस्त दिसते पण रोजचा येण्याजाण्याचा खर्च धरला की हिशोब फिरतो, आणि दुपारी मूल झोपेला आलं की परत यायला रूम जवळ असलेली बरी. छोटं किचन किंवा निदान फ्रीज आणि किटली असेल तर थोडं जास्त भाडं परवडतं, कारण मुलं बाहेरचं अर्धं ताटात टाकतात आणि बिल पूर्ण येतं. किती वयापर्यंत मूल फ्री, जादा गादीचे किती, नाश्त्यात मूल धरलंय का, हे तीन प्रश्न बुकिंगच्या आधी विचारा आणि उत्तर मेसेजवर लेखी घ्या.

दिवसाला एकच कार्यक्रम, तोही सकाळी. मग जेवण, झोप, संध्याकाळी बाग नाहीतर किनारा, ज्याला तिकीट नसतं. म्युझियममध्ये लहानांना बऱ्याचदा तिकीट नसतं, काही ठिकाणी ठराविक दिवशी मोठ्यांनाही फ्री असतं. मोठ्या पार्कचं दिवसभराचं तिकीट मात्र विचार करून काढा, राइड्सना उंचीची अट असते, तीन वर्षांचं पोर अर्ध्या ठिकाणी गेटवरूनच परत येतं.

सामानात डायपर दोन दिवसांपुरतेच, बाकीचे तिथे घ्या, नाहीतर अर्धी बॅग त्यांचीच होते. औषधं मात्र घरूनच न्या, थर्मामीटर आणि ओआरएससकट, रात्री अनोळखी गावात मेडिकल शोधत फिरण्यात काही मजा नाही. गाडी लागण्याचा त्रास साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांना जास्त होतो, म्हणून निघताना पोटभर जेवण नको, गाडीत मोबाईल नको, खिडकीतून लांबचं बघायला लावा. विमान खाली उतरताना बाळाला दूध पाजत राहा, गिळलं की कानाचे दडे सुटतात. ६ महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीनपेक्षा सावली आणि टोपी.

आणि हो, मुलाचा एक जादा ड्रेस हातातल्या पिशवीत ठेवाच, पण स्वतःसाठीही एक टीशर्ट ठेवा. उलटी कायम आपल्याच अंगावर होते.