नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, बघायला जाताय? मग असं करा
संभाजीनगरहून पैठण ५०-५५ किमी, पहाटेच निघा. जायकवाडीचं धरण मातीचं आहे, गोदावरीवर, जवळजवळ १० किमी लांब, त्यामुळे लोक २७ दरवाजांपाशी सेल्फी काढून परततात आणि खरं धरण बघायचंच राहतं! पक्षी बघायचे तर हिवाळ्यातच जा, दुर्बीण घ्या, नशिबात असेल तर फ्लेमिंगो दिसतील. १९६५ मध्ये शास्त्रीजींनी पायाभरणी केली, १९७६ ला इंदिराजींनी उद्घाटन केलं. शहराचं पिण्याचं पाणी इथूनच, शेतीला डावा-उजवा कालवा, शिवाय १२ मेगावॅटचं वीजकेंद्र. दरवाजे उघडले असतील तर नदीपात्रात उतरू नका राव. येताना संत एकनाथांच्या समाधीचं दर्शन घ्या, पैठणी मात्र पाकीट बघून.