कादंबरी वाचून झाली, आता वहीत काय लिहायचं?

कादंबरी संपवली की कुणीतरी विचारतंच, कशी आहे रे? आणि आपण म्हणतो, भारी आहे, वाच. झालं, विषय संपला. वर्षभरानं त्याच कादंबरीचं नाव निघालं की कव्हर आठवतं, एखादं नाव आठवतं, बाकी सगळं धुरकट. म्हणून मी म्हणतो लिहून ठेवा. परीक्षण नाही हां, ते प्राध्यापक लोक लिहितात, त्यांना त्याचा पगार मिळतो. आपण दिवसभर ड्युटी नाहीतर दुकान करून रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास वाचणारी माणसं, आपल्याला काय वाटलं तेवढंच लिहायचं, पण ते खरंखुरं लिहायचं. हे कसं करायचं ते सांगतो, मी परभणीत बसून जसं करायलोय तसं.

वही कोणतीही चालते, पोरांच्या मागच्या वर्षीच्या वहीतली कोरी पानं पण चालतात. फोनवर लिहायचं तर लिहा, काही जण व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज टाकतात, ते पण ठीक, फक्त बॅकअप न घेता फोन बदलला की सगळं जातं हे ध्यानात ठेवा. लायब्ररीच्या पुस्तकात मात्र लिहू नका. आमच्याकडच्या लायब्ररीत एक महाशय आहेत जे दर चार पानांमागं समासात 'सत्य!' असं लिहून ठेवतात, आणि एकदा तर 'पुढे हा मरतो' असं लिहिलेलं निघालं, आता या माणसाला काय म्हणायचं. लिहायचं ते पुस्तक संपलं त्या रात्री किंवा फार तर दुसऱ्या दिवशी. आठवडा गेला की तुम्ही तुमचं मत लिहीत नाही, लोकांकडून ऐकलेलं लिहिता.

पहिला नियम, गोष्ट लिहू नका. गोष्ट मागच्या कव्हरवर छापलेलीच असते. व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी घ्या, 1955 ची, छोटी आहे, दोन-तीन रात्रीत होते. त्यावर 'माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, त्याला सुरुवातीला त्रास होतो' असं लिहिलं तर त्यात तुम्ही कुठायत? माझ्या वहीत लिहिलंय ते असं, 'शेवटी दुष्काळानं वाडी रिकामी होते ते वाचलं आणि दसऱ्यानंतर बीडकडून साखर कारखान्याला ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं दिसायला लागली, ट्रॅक्टरवर भांडी, शेळी, म्हातारी आणि वर बसलेलं पोरगं. ती माणसं पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत तरी येतात.' बस, एवढंच. यात गोष्ट फार सांगितलेली नाही, पण मला कादंबरी पुन्हा सगळी आठवते. पुण्याचा माणूस हेच वाचून दुसरं काहीतरी लिहील, त्यानं ते लिहावं.

दुसरं, गोष्ट कोण सांगायलंय ते बघा. हे बघायची सवय लागली की निम्मं काम होतं. शिवाजी सावंतांच्या मृत्युंजयमध्ये (1967) कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण, सगळे आपापल्या तोंडानं बोलतात. पण बारकाईनं वाचलं तर सगळेच जरा एकाच थाटात बोलतात, सगळ्यांच्या तोंडी तेच भरजरी मराठी. कॉलेजात असताना हे मला दिसलंच नसतं, त्या वयात कर्णाशिवाय दुसरं काही दिसतच नाही, आणि ते पण खरंच वाटणं आहे म्हणून तसं लिहायला हरकत नाही. म्हणून वहीत तारखेशेजारी स्वतःचं वय लिहीत जा. याउलट भालचंद्र नेमाड्यांची कोसला, 1963 ची, त्यातला पांडुरंग सांगवीकर 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' म्हणत म्हणत असा बोलतो की दुसऱ्या कुणाच्या तोंडी ते बसणारच नाही. पण खरं सांगू, मधली हॉस्टेलची पानं मला लांबलेली वाटली. बहिणीच्या मरणाचा भाग आला तिथं मात्र पुस्तक खाली ठेवून बाहेर अंगणात जाऊन आलो. दोन्ही लिहिलंय वहीत. मोठ्या नावाचं पुस्तक आहे म्हणून कंटाळा लपवायचा नाही, तुमची वही कोण तपासायला येणार आहे.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, जोडी लावा. एकट्या कादंबरीबद्दल काय बोलावं ते सुचत नाही, दोन शेजारी ठेवल्या की तोंड आपोआप उघडतं. माझी आवडती जोडी आपल्याच भागातली आहे. एक रा. रं. बोराडेंची पाचोळा, 1971 ची. बोराडे सर लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे, 2025 मध्ये गेले. दुसरी तुळजापूरच्या देवीदास सौदागरांची उसवण, हिला 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. दोन्हीत घर शिंप्याचं आहे, दोन्हीत मशीन आहे, आणि दोन्हीत घर उसवत जातं. पण कोण उसवतंय ते बघा. पाचोळात गंगाराम शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको सांगते, आपल्या बोलीत, आणि तिथं संकटाला चेहरा आहे, गावातला बडा माणूस आहे, वैर आहे, शिंप्याचा स्वाभिमान आहे. माणूस दिसतो म्हणून वाचताना त्याचा राग पण येतो. उसवणमध्ये रागवायचं कुणावर? रेडिमेड कपडे आले, लोकं दुकानातून पॅन्ट घेऊन घालायला लागले, त्यात कुणी दुष्ट नाही, तुम्ही-मीच आहोत. सौदागरांनी स्वतः शिवणकाम केलेलं आहे, ते पानापानातून कळतं.

ही जोडी वाचून झाल्यावर मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या टेलरकाकांच्या दुकानात पॅन्टची उंची कमी करायला गेलो होतो. आधी तिथं दिवाळीच्या महिनाभर आधी 'ऑर्डर घेणे बंद' अशी पाटी लागायची, आता पाटी आहे ती 'फिटिंग, चेन बदलणे, फॉल-पिको'. दोन मशिनी, एकीवर कापड टाकून ठेवलेलं आणि त्या कापडावर खडूचे तुकडे, टेप, कुणाचं तरी न नेलेलं ब्लाऊज. काका म्हणले, नवा शर्ट शिवायला आता कोण येतं, लग्नातल्या आहेराचं कापड पण लोकं तसंच पुढं दुसऱ्याला देऊन टाकतात. हे सगळं मी उसवणच्या नोंदीखालीच लिहिलं. समीक्षेत असलं बसत नाही म्हणे, मला तर तीच खरी नोंद वाटते. तुम्ही पण कादंबरी संपल्यावर तिच्यातलं एखादं काम, एखादी जागा आपल्या गावात कुठाय ते बघून या आणि मग लिहा.

भाषेबद्दल पण दोन ओळी लिहायच्या. कोणता शब्द वाचून आजी आठवली, कोणता अजिबात कळला नाही. आनंद यादवांची गोतावळा कोल्हापूरकडच्या बोलीत आहे, पहिली वीस-पंचवीस पानं आपल्याला जड जातात, मोठ्यानं वाचा, मग कान बसतो. घरातले विचारतील काय झालं याला, विचारू द्या.

काही पुस्तकं सलग वाचवतच नाहीत, ते का ते पण लिहायचं. सदानंद देशमुखांच्या बारोमासला 2004 चा साहित्य अकादमी आहे, पुस्तक बुलढाण्याकडचं, म्हणजे आपल्या जालन्याला लागूनच. शिकलेला पोरगा, नोकरी नाही, शेतीत राम नाही, घरात रोज कटकट. मी ती तुकड्या-तुकड्यानंच वाचली कारण कसंय की दिवसभर घरात सोयाबीनच्या भावावरून जे चालू असतं तेच रात्री पुस्तकात उघडायचं, डोकं बंद पडतं माणसाचं. हा पुस्तकाचा दोष नाही, उलट ते इतकं जवळचं आहे म्हणूनच जड जातं. अशावेळी मध्ये एखादं लांबचं वाचा. विश्राम बेडेकरांची रणांगण, 1939 ची, युरोपातून हिंदुस्थानाकडं निघालेलं जहाज आणि त्यावरची काही दिवसांची ओळख, परभणीच्या उन्हाळ्यात लाईट गेलेली असताना वाचायला यापेक्षा लांबचं काही नाही. लहान आहे पण लगेच दुसरं पुस्तक उचलावं वाटत नाही. तिच्यावर मी एकच ओळ लिहिलीय आणि ती सांगणार नाही.

सोडून दिलेल्या पुस्तकांची पण नोंद करा. किती पानावर सोडलं, कामून सोडलं. 'पात्रं फार, कोण कुणाचा चुलता कळेना' हे कारण चालतं. जाडजूड कुळाच्या कादंबऱ्यांना तर मी पहिल्याच दिवशी वहीत वंशावळ काढतो, आपल्याकडं जमिनीच्या भांडणात काढतात तशी. आवडलं नाही म्हणायला पण लाजू नका, पण 'बोअर आहे' एवढंच लिहून भागत नाही, कुठं बोअर झालं ते पान लिहा. त्या पानाशी तुमचं काय बिनसलं ते शोधताना बऱ्याचदा असं निघतं की लेखक उपदेश करायला लागला होता, किंवा तुम्हालाच झोप आली होती.

दुसऱ्याला सांगताना शेवट फोडू नका. मिलिंद बोकिलांची शाळा कुणाला सुचवायची तर एवढं पुरे की आणीबाणीचा काळ आहे, नववीतला मुकुंद आहे आणि त्याला शिरोडकर नावाची मुलगी आवडते. ज्यानं शाळेत असताना सायकलवरून उगाच कुणाच्या तरी गल्लीतून चकरा मारल्यात त्याला अजून काही सांगावं लागत नाही.

आणि नोंदीच्या खाली शेवटी पुस्तक कुणाला दिलं ते लिहा, नाव आणि महिना दोन्ही. मनोज बोरगावकरांची नदीष्ट, नांदेडची, गोदावरीत पोहणाऱ्या माणसाची, ती माझ्या मेव्हण्याकडं आहे. तो म्हणतो बायको वाचायलीय, आणि ती म्हणते, दाजी, ते तर यांच्याचकडं आहे, ऑफिसात नेलंय वाटतं.