छोट्या कॉलेजात फुटबॉल कोच व्हायचंय? आधी एड लेटर वाचायला शिका

अमेरिकेत डिव्हिजन ३ च्या (कॉलेज खेळांचा एक गट) कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचा असिस्टंट कोच म्हणून लागायचं ठरवलंच असेल तर एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, ही नोकरी रिक्रूटिंगवर, म्हणजे टीमसाठी नवी पोरं कॉलेजात आणण्यावर टिकते. इथे खेळासाठी स्कॉलरशिप देता येत नाही, नियमच आहे, आणि बऱ्याच छोट्या खाजगी कॉलेजांना फुटबॉलची शंभरेक पोरं ॲडमिशनचा आकडा भरायला हवी असतात. ऑगस्टमध्ये किती पोरं खरंच हजर झाली ते आधी बघतात, तुमचं प्लेबुक (डावपेचांची वही) किती भारी आहे ते नंतर.

आता मी स्वतः जिथे आपटलो ते नीट सांगतो. पोरगा हो म्हणतो, आईबाबा हो म्हणतात, १ मेच्या आत डिपॉझिटही भरतात, आणि तरी पोरगा येत नाही. कारण एड लेटर, म्हणजे कॉलेजचं आर्थिक मदतीचं पत्र. समजा वर्षाचा खर्च ५०,००० डॉलर आहे. लेटरमध्ये कॉलेजची ग्रँट (न फेडायची मदत) २७,०००, फेडरल लोन ५,५००, वर्क-स्टडी २,००० असं एकाखाली एक लिहिलेलं असतं आणि खाली टोटल एड ३४,५००. घरचे वजाबाकी करतात, १५,५०० उरले, जमवू म्हणतात. पण लोन म्हणजे कर्ज, ते फेडायचंय, आणि वर्क-स्टडी बिलातून वजा होतच नाही, पोरगा काम करेल तसा पगार मिळतो. म्हणजे लोन घेऊनही बिल येतं १७,५०० चं आणि कर्ज धरून घरावरचा खरा भार २३,०००. एका घरी किचन टेबलवर आई लोनच्या ओळीवर बोट ठेवून मला विचारत होती, हे पण कॉलेजच देतंय ना? तिथे गप्प बसलात की जुलैत बिल बघून पोरगा घराजवळच्या स्वस्त कॉलेजात जातो आणि तुमच्या टीमचा लेफ्ट टॅकल (मैदानातली एक जागा) गेला.

पण "मी बघतो काहीतरी" असं चुकूनही बोलू नका, डिव्हिजन ३ मध्ये कोचला एड ठरवण्यात हात घालता येत नाही. घरच्यांना एड ऑफिसला फोन करायला सांगा आणि तीन गोष्टी विचारायला लावा, यातलं कर्ज किती, हातात येणारं बिल किती, ग्रँट चारही वर्षं मिळणार का.

जानेवारीच्या कोचेस कन्व्हेन्शनला मोठ्या नावांच्या मागे कार्ड घेऊन पळणं मला अजिबात पटत नाही. ज्याच्या हाताखालचे असिस्टंट पुढे गेलेत असा हेड कोच शोधा, पगार कमी असला तरी चालेल. डिव्हिजन ३ च्याच माउंट युनियन कॉलेजचे हेड कोच राहिलेले लॅरी केहरेस बघा, ११ नॅशनल टायटल. त्यांच्याकडे खेळलेला निक सिरिआनी २००४ मध्ये तिथेच असिस्टंट म्हणून लागला आणि २०२५ मध्ये ईगल्स या प्रो टीमचा हेड कोच म्हणून सुपर बोल, म्हणजे प्रो फुटबॉलची फायनल जिंकला. तेव्हा मॅचच्या व्हिडिओंवर खुणा करत बसलोय, जर्सी धुतोय, व्हॅन चालवतोय म्हणून खचू नका, या लाईनीत बहुतेक सगळे तिथूनच आलेत.

आपल्याकडून मास्टर्सला येऊन यात शिरणाऱ्यांनी मात्र व्हिसाचं आधीच बघा. स्पोर्ट्स मॅनेजमेंटला साधारणपणे ओपीटी (शिकून झाल्यावर काम करायची परवानगी) १२ महिनेच मिळतो आणि त्यात ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. कॉलेजांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत जावं लागत नाही हे खरं, पण म्हणून ते असिस्टंट कोचसाठी अर्ज करतीलच असं नाही. इंटरव्ह्यूलाच सरळ विचारा, स्पॉन्सर करणार का, माझ्याकडे रिक्रूटिंगचा कुठला एरिया आणि किती पोरं आणायची. आणि उत्तर ईमेलवर घ्या.