बोलणं मागं राहिलेल्या पोराबरोबर पुस्तक कसं वाचायचं

आमचा धाकटा साडेतीन वर्षांचा झाला तरी दोन शब्द जोडत नव्हता. मी रोज रात्री गोष्ट घडाघडा वाचायचे आणि तो उठून जायचा. स्पीच थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, तुम्ही कमी बोला, त्याला बोलायला जागा द्या.

पहिलं म्हणजे कानाची तपासणी करून घ्या, ती टाळू नका. ऐकू नीट येतं, बाकी सगळं ठीक, तरी भाषा अडते अशी १०० मुलांत साधारण ७ असतात, त्यामुळं आईनं लक्ष दिलं नाही असलं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका.

पोराला मांडीवर नको, समोर बसवा, तुमचं तोंड त्याला दिसलं पाहिजे. पान उघडा, चित्राबद्दल एकच छोटं वाक्य बोला आणि मग गप्प बसा, मनात दहापर्यंत आकडे मोजा. हेच सगळ्यात अवघड. आमच्या आत्याबाई तर लगेच "सांग की रं, काय हाय ते!" करायच्या, आणि सारखं हे काय ते काय विचारलं की पोराला परीक्षाच वाटते.

तो "गाडी" म्हणाला की तुम्ही "लाल गाडी" म्हणा, दुसऱ्या दिवशी "लाल गाडी पळाली". "मांजर पडला" म्हणाला तर चुकलं म्हणू नका, "हो, मांजर पडलं, धपकन पडलं!" एवढंच, परत म्हणून दाखव असा हट्ट नको. पोराचं बोलणं असं वाढवत नेणं हा डायलॉजिक रीडिंग, म्हणजे पोराशी संवाद करत वाचायच्या पद्धतीचा भाग आहे, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ह्यावरचा अभ्यास छापला होता.

पुस्तक संपवायची घाई नको, दोन पानं झाली तरी बास, आणि तेच पुस्तक महिनाभर मागितलं तर खुशाल द्या, शब्द असेच बसतात. मराठी पुस्तकं स्टोरीवीव्हर ह्या वेबसाइटवर फुकट मिळतात. आम्ही तर रंकाळ्यावरचे, भडंग खातानाचे त्याचेच फोटो छापून वही केली, त्यात तो सगळ्यात जास्त बोलतो.

भाषा घरात बोलता तीच ठेवा, शाळेसाठी म्हणून मोडकंतोडकं इंग्लिश नको. आणि हे थेरपीच्या जोडीनं करायचं, तिच्याऐवजी नाही. नवीन शब्द तारीख टाकून लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी मॅडमना दाखवा.