दवाखाना हलणार म्हणतात? आधी कागद मागवा

पालिकेचा दवाखाना दुसऱ्यात विलीन होणार किंवा खासगी संस्थेकडे जाणार अशी कुजबुज सुरू झाली की लोक थेट सह्या गोळा करायला निघतात. घाई नको, आधी कागद हातात घ्या.

विभाग कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्या, वर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो. ‘दवाखाना का हलवता?’ असं विचारलंत तर ‘ही माहितीच नव्हे’ म्हणून बोळवण होते. प्रस्तावाची प्रत, त्यावरचे शेरे, मंजूर व रिक्त पदं, मागच्या 12 महिन्यांची बाह्यरुग्णसंख्या असं नेमकं मागा. पोचेवर शिक्का आणि तारीख हवीच. 30 दिवसांत उत्तर नाही? पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचं तिकीट लावून.

तोवर नव्या जागेपर्यंत चालून पाहा, गुडघे दुखणाऱ्या आजींच्या चालीनं. नकाशावर अर्धा किलोमीटर दिसतो; मध्ये रूळ असले की पुलाचे जिने आलेच. पायऱ्या मोजा, आकडा निवेदनात घाला. निवेदन विभागाच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांना, प्रत नगरसेवकांना.